तीनची शेपटी

डिकोरा, आयोवा. कॉलेजच्या जिमखाली तळघर,
तिथे माझी दोन धुलाईयंत्रं, एक इस्त्री
आणि कपडे घ्याय-द्यायची खिडकी.
पोरांना खेळागणिक वेगळा जोड.
पोरींना तिन्ही खेळांत मिळून एकच.
मारित एलिंग्सरूड तिन्ही खेळांत होती,
म्हणून तेवीस नंबरची जर्सी
ऑगस्टपासून मेपर्यंत नीट वाळलीच नाही.

सामने मी पाहिले नाहीत. वेळ कुठला?
मी जर्सी वाचायचे.
ऑक्टोबरात पोटावर फरशीच्या पॉलिशचा पिवळा पट्टा:
व्हॉलीबॉलमागे आडवी झाली बाई.
जानेवारीत खांद्याची शिवण उसवलेली, कुणाची तरी नखं:
रिबाउंड. सोडला नसणार.
एप्रिलमध्ये उलटी करून झटकली
की मूठभर वाळू, लांब उडीच्या खड्ड्यातली.
ती मी कॉफीच्या डब्यात साठवत गेले,
का, ते विचारू नका.

पोरांच्या सामन्याला छत दणाणायचं.
पोरींच्या वेळी ऐकू यायचा
फक्त चेंडू, आणि बुटांचं चिरकणं.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, बर्फ गुडघ्याएवढं,
पहिल्यांदाच माझा दिवा हलला, पापुद्रे गळून
घड्या घातलेल्या टॉवेलांवर पडले.
मध्यंतरात जिन्यावर धाडधाड पावलं.
पाठीवरचा तीन फाटून लोंबत होता.
‘काढ,’ मी म्हटलं.
‘नाही. अशीच शिव. चार मिनिटं आहेत.’

पाठमोरी उभी राहिली, हात खिडकीच्या चौकटीला.
घामाची वाफ. वर अख्खं गाव पाय आपटतंय.
तिचा श्वास खाली गेला की मी टाका घालायची,
वर आला की थांबायची.
दोरा दातांनी तोडला तोवर ती निम्मा जिना चढलेली.

मग कॉलेज संपलं. पुढे तिच्यासारखीला
खेळायला जागाच नव्हती कुठे.
वॉकॉनच्या शाळेत भूमिती शिकवली तिनं, एकतीस वर्षं.

गेल्या शरदात जर्सी काचेत लावली.
डीनचं भाषण लांबलं. केक बरा होता.
मारित आली काठी टेकत, दोन्ही गुडघे नवे,
काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.
‘तीनची शेपटी वाकडी शिवलीस गं.’

‘तू हलत होतीस,’ मी म्हटलं.