रकाना दुसरा

गंगापूर रोडच्या मोठ्या शाळेकडून फॉर्म आला,
जाड कागद, माथ्यावर हातात हात.
पहिला रकाना : आपल्या गरजा.
बारा ओळी पुरल्या नाहीत,
मुख्याध्यापकांनी पाठीमागं लिहिलं :
बादल्या, सौरदिवे, गणिताला माणूस.
दुसरा रकाना : आपण काय देऊ शकाल.
तिथं त्यांनी पट्टी धरून
एक आडवी रेघ मारली.

पौषात बस आली.
घाटात ओकून पांढरी पडलेली पोरं उतरली,
पाठोपाठ खोकी.
मी वसतिगृहाची अधीक्षिका, माझं काम नोंदीचं :
पृथ्वीगोल, नग एक.
सूक्ष्मदर्शक, नग एक.
दप्तरं, नग चाळीस, सगळी एकाच निळ्या रंगाची.
सोनी थविल गोलावर सुरगाणा शोधत राहिली.
मुथांच्या अन्वीनं बोट टेकवलं, "हे बघ, नाशिक."
बोट उचललं तर खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.
तेवढ्याशा बोटाखाली तिची सोसायटी, आमची आश्रमशाळा
आणि मधले नव्वद किलोमीटर खड्डे.

जेवायला नागलीची भाकर, उडदाचं भुजं.
कुणी बोटं चाटली,
कुणी मांडीखाली बिस्किटं लपवली.
मी पाहिलं, बोलले नाही.

रात्री वीज गेली.
साडेदहाच्या सुमारास हुंदका.
कंदील घेऊन गेले तर अन्वी,
पांघरुणाचं टोक तोंडात कोंबलेलं.
एका रात्रीपुरती आलेली ती.
सोनी सहाव्या वर्षापासून इथं आहे.
तिनं काही विचारलं नाही.
आपली चटई ओढत आणली,
अगदी खेटून नाही, वीतभर जागा सोडून,
आणि वेणीचं टोक तिच्या मुठीत दिलं.
नव्या पोरीला आमच्याकडं असंच देतात.
हे त्यांना कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
मी तरी नाही.
मी कंदील बारीक केला.

सकाळी फोटो, टाटा, धूळ.
मग फॉर्मची प्रत मागून घेतली
आणि त्या रेघेच्या वर लिहिलं :
रडणाऱ्याच्या शेजारी गुपचूप सरकणं.
उत्तर आलं, फार आपुलकीचं.
शेवटी एवढंच, की कृपया
संख्या नमूद करावी.

सूक्ष्मदर्शक कपाटात आहे.
किल्ली सरांच्या खिशात, सर तालुक्याला.

परवा सोनीच्या नावानं पाकीट आलं.
दोन क्लिपा, एक चित्र, त्याखाली :
"आता मला माझी वेगळी खोली आहे."
सोनीनं ते दोनदा वाचलं.
क्लिपा केसांना लावून बघितल्या, काढल्या,
आणि वहीचं मधलं पान फाडून
एकच ओळ लिहिली :
तिथ अंधार पडला कि शेजारि कोण असत?

वेलांट्या सुधारायला मी पेन उघडलं.
मग टोपण लावून टाकलं.