शेऱ्याचा रकाना

जिंतूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मला मिळाली
एक डुगडुगती खुर्ची
आणि अकरा महिन्यांच्या नोंदी.
विषय असा: केसपेपर संगणकावर आल्यानं
रुग्णाचा जीव अधिक सुरक्षित होतो का.
मार्गदर्शक म्हणाले, उत्तर टक्क्यांत द्या.

सगळ्यात आधी कळलं ते हे
की या तालुक्यातली निम्मी माणसं
एक जानेवारीला जन्मली.
वय विचारलं की बाया म्हणतात,
आसंल पन्नास-पंचावन्न, लिव्ह तुला काय लिव्हायचं ते.
यंत्राला ‘आसंल’ कळत नाही.
त्याला तारीख लागते. ते आपलं आपण एक ठरवून टाकतं.

ओळ चार हजार एकशे बारा:
प्रयागबाई माणिक घुगे, पांगरी, पंचावन्न.
ओळ चार हजार एकशे तेरा:
प्रयागबाई माणिक घुगे, पांगरी, पंचावन्न.
रात्री दोन एक्केचाळीसला यंत्रानं विचारलं,
दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात. जोडायच्या?
कुणीतरी ‘होय’ दाबलं.

कुणीतरी म्हणजे राजेभाऊ.
कंत्राटी, सलग दुसरी पाळी,
लाईट तीनदा जाऊन आलेली
आणि कागदावरचं सगळं परत भरायचं.
त्या रात्री त्याच्या पडद्यावर दोनशे सतरा सूचना आल्या,
एकेकीवर तो सरासरी पाऊण सेकंद थांबला.
हा आकडा माझ्या तक्त्यात आहे.
राजेभाऊचे डोळे नाहीत.

एकीच्या जुन्या कागदावर लाल शाईत, खाली दोन रेघा:
पेनिसिलिन चालत नाही.
दुसरीच्या नव्या नोंदीत तो रकाना मोकळा.
जुनं ते सोनं, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.
त्यानं नवं ठेवलं.

सकाळी नऊ नंबरच्या कॉटवर
पडद्याप्रमाणे नाव बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर.
सुई भरलेली.
सिस्टर द्वारका खिल्लारेंनी दंड धरला
आणि उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून,
विचारलं, मावशी, माहेर कोणतं हो तुमचं?

मंठ्याकडचं.

पडद्यावर साखर दिसत होती.
साखरेची प्रयागबाई तर सेलूची,
भावाच्या शेतातली बोरं आणून देणारी.
सिस्टरांचा हात तिथंच.
मग मागं सुईनं अंगभर गांधी उठल्या होत्या
त्या तुम्ही का?
व्हय की. जीवच चालला व्हता.

सुई ट्रेमध्ये परत गेली.
काही झालं नाही.

माझी अडचण इथंच आहे.
‘इजा’ या सदरात त्या दिवसापुढे शून्य,
आणि ते शून्य
इतर चांगल्या शून्यांसारखंच गोल.
मार्गदर्शक फोनवर म्हणाले, जे घडलंच नाही ते कसं मोजणार?
मी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.
रेशनकार्डाच्या रंगाला जागा आहे,
नवऱ्याच्या मोबाईलला आहे.
माहेराला नाही.

घरी निघण्याच्या दिवशी व्हरांड्यात
प्रयागबाई गाठोड्यावर बसून होत्या.
झालं ते मी त्यांना समजावून सांगितलं.
त्यांनी दोनदा ऐकून घेतलं, पदर सारखा केला.
तिचं दुखणं मपल्यात लिव्हलं, मपलं तिच्यात.
मंग लेकरा,
बरी कोण झाली?

माझ्याकडे टक्के होते.

सर्वांत शेवटी एक रकाना असतो, शेरा.
त्यात पन्नास अक्षरं मावतात,
काना, मात्रा, मोकळी जागा, सगळं धरून.
मी लिहीत गेलो. यंत्रानं जेवढं घेतलं तेवढं हे:

या दोघी वेगळ्या. सिस्टरनं माहेर विचारलं म्हणून वाच