कलम सोळा

कर्वेनगरला, धुमाळांच्या गिरणीच्या वर
चार वर्षं एक मुलगी पळवत होतो आम्ही,
पडद्यावर.
उडीआधी ठकी जराशी अडखळते,
कारण ऋजुताच्या कंट्रोलरचं बटण
पिठानं चिकटायचं.

आज बाणेरला, काचेच्या चौदाव्या मजल्यावर
कन्सोलवाल्यांनी ठकी नेली.
पळवली नाही, रीतसर विकत :
नाव, चाल, पुढचे दहा भाग.
कलम सोळा – अडखळणे कायम ठेवावे.

लिफ्टमध्ये ऋजुता म्हणाली,
एवढा पैसा, एवढी माणसं,
यांना स्वतःची एक सुचू नये?
मी काही बोललो नाही.
पेन अजून उघडंच होतं हातात.

गल्लीत शिरलो तर पट्टा थांबवून
धुमाळ विचारतात,
पांढऱ्या भुवयांखालून :
गेलं का दळण?
मग आता डब्यात काय आणलंय?