एप्रिलातला धबधबा

सहा दिवस कोबी नेणारी लुमाण्णाची ओम्नी
रविवारी माणसं नेते.
मागं रिकामी पोती, पोत्यांवर सतरंजी,
सतरंजीवर आम्ही आठजण, मी स्टेपनीला टेकून.
नववा कोथिंबिरीचा वास.
तो काही कडोलीत उतरायला तयार नव्हता.

"कुठं निघालासा?" वेशीत मोनाप्पानं विचारलं.
"गोकाकला. धबधबा बघायला."
"एप्रिलात?"
लुमाण्णानं काच वर केली.
ती अर्ध्यावर अडकते,
म्हणून मोनाप्पाचं हसू
काकतीपर्यंत आमच्याबरोबर आलं.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं.
तिथं तुळसा.
यमकनमर्डीच्या अलीकडे ती म्हणाली,
"मला काय तव्यावरची भाकरी समजलास?"
तेव्हा कळलं, गाडी तापली.
कडेच्या घरी तिनं हाक दिली, "अक्का, नीर कोड्री!"
बाई कळशी घेऊन बाहेर आली,
"इंजिनला पाहिजे की माणसांना?"
मग तुळसा कन्नडात आणि ती बाई मराठीत,
शेवटपर्यंत दोघी एकमेकींच्या भाषेत बोलल्या,
ताटातला चांगला तुकडा
एकमेकींकडे सरकवल्यासारख्या.

झुलत्या पुलावर भागीरथीवयनीनं चपला काढल्या,
देवळात काढतात तशा.
पलीकडच्या टोकाला पोरं उड्या मारत होती,
फळ्या आमच्या पायाखाली हसत होत्या.
"खाली बघू नको गे," म्हणत म्हणत
सगळे खालीच बघत होते.
खाली घटप्रभा.
म्हणजे घटप्रभेची जागा.

धबधबा नव्हता.

एवढा मोठा कडा, काळा, पायऱ्यापायऱ्यांचा,
आणि त्याच्या एका कोपऱ्यातून
कुणी नळ नीट बंद केला नसावा
एवढंच पाणी.
वॉचमन विडी विझवून म्हणाला,
"नीर इल्ल री. आगस्टदाग बर्री."
जणू आम्हीच चुकून लवकर आलेलो पाहुणे
आणि घरधनीण अजून अंघोळीला.

तरी बघितला.
पेट्रोल घातलंय म्हटल्यावर बघणं आलंच.
बघता बघता कड्यात काय काय दिसायला लागलं:
पारव्यांची घरं, एक वाकडं उंबराचं झाड,
पावसाळ्यात ज्यावरून पाणी कोसळतं
त्या दगडाचा गुळगुळीत खांदा,
आणि खाली एका खाचेत
एक चप्पल. डाव्या पायाची.

"माझी असंल," लुमाण्णा हसत म्हणाला,
"अशीच गेलती वाहून, एका श्रावणात."
आम्ही हसलो.
तुळसा म्हणाली, "श्रावणात?
माझ्याबरोबर कधी आला नव्हतास."

झाडाखाली डबा सोडला.
सगळ्यांना दोन दोन भाकऱ्या,
लुमाण्णाला एक.
त्यानं मागितली नाही.
कांदा मात्र स्वतःच फोडून
तिच्यापुढं ठेवला.

गावात येऊन त्यानं करदंट घेतला,
साधा नाही, वरच्या फळीवरचा, तुपाचा,
घासाघीस न करता.
हे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो;
दुकानदारही गोंधळला,
त्यानं आपणहून दहा रुपये कमी केले.

परतीला पुड्याचा खोका तुळसाच्या मांडीवर,
दोरीची गाठ तशीच.
पाच्छापूरच्या पुढं उन्हं तिरपी झाली,
हिडकलचं पाणी लांबून चमकलं आणि गेलं.
हत्तरगीला ती म्हणाली, "कोण होती?"
"शाळेची ट्रिप होती गे, दहावीची.
साठ पोरं, दोन मास्तर."
"मी नाव विचारलं."
ओम्नी बराच वेळ तिसऱ्या गिअरमध्येच राहिली.
मागं आम्ही सगळे एकदम झोपलो.

काकती आली तेव्हा दोरी सुटल्याचा आवाज झाला.
खोका मागं आला.
डिंक, खोबरं, बदाम; दाताला चिकटणारं गोड,
बोलायची सोय न ठेवणारं.
फोडताना एक तुकडा कुठंतरी पडला.

सोमवारी पहाटे मार्केट यार्डात
कोबी उतरवताना तो कल्लाप्पा हमालाला सापडला,
पोत्याच्या घडीत.
त्यानं फुंकर मारली, तोंडात टाकला.
"काल कुठं गेलतासा?"
"धबधबा बघायला."
"होता काय?"
लुमाण्णानं पुढचं पोतं पाठीवर दिलं.
"होता की," म्हणाला.