अर्धं पान

एक्केचाळीस पानं.
पहिली तीन आभारांची आणि कुणी किती पैसे दिले त्याची,
शेवटची नऊ संदर्भांची,
मधे कुठेतरी, चौथ्या तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात
नामाकाऊला हवं असलेलं एक वाक्य.

नामाकाऊकडे अकरा मिनिटं असतात.
रात्रीचं बाळंतपण आणि सकाळचं पहिलं वजन
यांच्या फटीत ती चहा पिते, उभ्यानंच,
लसींचा फ्रीज कुरकुरायच्या आत,
झांबेझीच्या पुरातून होड्या लागून
बाया बाकावर दाटीनं बसायच्या आत.
एवढ्यात वाचून होईल असं काहीतरी पाठव, म्हणाली होती
लुसाकाला आली तेव्हा.
माझ्या टेबलावरच्या ढिगाकडे बघत होती,
चढत्या पाण्याकडे बघतात तशी.

मी कात्री घेतली.
आधी आभार कापले.
मग 'असे दिसून येते की', मग 'काही अंशी',
मग 'अधिक संशोधनाची गरज आहे'.
हे शेवटचं कापलं आणि झोप लागेना,
कारण ते खरं होतं.
सकाळी परत चिकटवलं, साध्या शब्दांत:
हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.

त्यांचा शब्द होता योनिस्राव.
तिच्या बाकावर असं कुणी बोलत नाही.
तिथं बाई चितेंगेचं टोक बोटाला गुंडाळत म्हणते,
अंगावरून जातंय.
किंवा म्हणते, पाठ दुखते.
किंवा डोकेदुखीची गोळी मागते, उठते,
आणि दाराशी थबकते.
मी लिहिलं: दाराशी थबकली तर परत बसवा.
हे एक्केचाळीस पानांत नव्हतं.
हे मला माझ्या थोरल्या बहिणीनं शिकवलं,
एका दाराशी, एक शब्द न बोलता,
आणि मी तेव्हा तिला जाऊ दिलं होतं.

टपालाच्या होडीतून अर्धं पान गेलं.
महिन्यानं तेच परत आलं,
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं:

*दोन घोटांत वाचून झालं. फ्रीजवर लावलं होतं.
सेपिसोला गोळ्या दिल्या. पान म्हणतं, नवऱ्यालाही द्या.
नवरा मासेमारीच्या तळावर, सहा आठवडे येत नाही.
येईल तेव्हा विचारेल, हे तू कुठून आणलंस?
तिनं काय सांगायचं, ते कितव्या पानावर आहे?*

मी पुन्हा सगळं उपसलं.
चौथ्या तक्त्यात नवऱ्यांसाठी एक रकाना होता,
त्यात लिहिलं होतं: संपर्क होऊ शकला नाही.
बस.
एवढ्या हुशार माणसांनी, एवढ्या पैशात,
तो प्रश्न दारातूनच परत पाठवला होता.

तेव्हापासून मी अर्ध्या पानाच्या खाली
उरलेलं अर्धं कोरं सोडते.
वर लिहिते, एवढं ठाऊक आहे.
खाली लिहिते, तुम्ही काय म्हणालात?

परत येतात काही. बरीच येत नाहीत.
एकावर कुणी साखरेचा हिशोब केला होता,
एकावर नुसतं, मोजे संपलेत, मोजे पाठवा, रबरी.
परवाचं नामाकाऊचं, भिजलेलं,
पेन्सिल पुसट होत गेलेली:
दोघांची पाकिटं एकाच पिशवीत बांधली.
सेपिसोला म्हटलं, सांग, नर्सबाई म्हणाली
की कुठून आलं ते गोळीला विचारता येत नाही.
तो आला. ओरडला. मग

पुढचं पाण्यात गेलं.
मी ते खिडकीत वाळत घातलंय.