गुरुवार सोडून

तपकीर गल्लीतून डबी आणली,
काड्यापेटीहून थोडी मोठी, तीन दिवे.
दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही.
एक वायर राउटरला, एक आपल्या जुन्या फोनला.
विटकरी रंगाचा, गोल तबकडीचा,
इतकी वर्षं माळ्यावर स्टोव्हच्या पिनांशेजारी पडलेला.

मोबाईलला बाबांची बोटं कळत नाहीत.
खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर
ठसे घासून गेले.
आधारच्या मशीननेही तीनदा हात परत केले होते.
काच म्हणते, इथे कोणी नाही.

रिसीव्हर उचलला. टोन आला.
बाबा उभेच राहिले. "लाईन आली?"
लाईन नाही, बाबा. हा टोन डबीच काढते,
आपल्या समाधानासाठी. पलीकडे एक्स्चेंज वगैरे नाही.
आणि बोलताना कोणी गप्प झालं
तर थोडी खरखरही तीच घालते मधे,
फोन मेला असं वाटू नये म्हणून.
"तुझी आई असंच करायची," बाबा म्हणाले,
"अबोला धरला की आतून भांडी वाजवायची."

मग त्यांनी नंबर फिरवला.
तबकडी कुरकुरत परत आली, दहा वेळा,
आणि टोन तसाच, निगरगट्ट.
डबीला बटणांचे सूर कळतात,
तबकडीची टकटक नाही.
फोन येईल. करता येणार नाही.
"अर्धाच लागला म्हण की."
तरी त्यांनी स्क्रू काढून
शिलाई मशीनचं तेल दिलं आत, दोन थेंब,
दोष आपल्या बाजूला राहू नये म्हणून.

रात्री पावणेदहाला ट्रॉन्डहाइमहून मृण्मयी.
धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर खरी घंटा वाजली,
समोरच्या पानसेकाकू दार उघडून बघून गेल्या.
बोलता बोलता बाबांचं बोट तबकडीत, सवयीने.
"काही नाही गं, तेल घातलंय."
मग थांबले. मुद्दाम फिरवला एक आकडा.
तिचं मला ऐकू येत नव्हतं,
फक्त बाबांचा चेहरा, आणि
"बरोबर. आता?"
टक टक टक टक
"छे, सात होते. नीट ऐक."
असं अर्धा तास.
हवा नाही, गुडघा नाही, तिच्या नोकरीचं नाही.

परवा गुरुवार. वीज दहालाच गेली.
पूर्वी लाईट गेली तरी फोन जिवंत असायचा,
हे त्यांनी मला असं सांगितलं
की जमिनीतली सगळी तांब्याची तार मीच उपसून विकली.

चारला वीज आली. डबीचा एक दिवा, दुसरा,
तिसऱ्याला वेळ लागतो.
बाबा खुर्ची ओढून, रिसीव्हर कानाला.
म्हटलं, ती आत्ता कामावर असेल.
"माहीत आहे," म्हणाले,
आणि हाताने गप्प केलं मला.