बंद काळ

चेहेडीच्या बंधाऱ्यावर हौसेनं गळ टाकणाऱ्यांसाठी
यंदा नियम करायचे, म्हणून बैठक.
मत्स्य विभागाचं ऑफिस, दुसरा मजला,
पंखा सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा.
कागद उडू नयेत म्हणून
मी खिशातली शिशाची वजनं काढून दिली.
गळाचीच होती.

मला बोलावलं, कारण मी मोजणारा माणूस.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
एक नोट कमी भरली
तर अख्ख्या पाळीला गेट उघडत नसे.
गांगुर्डे मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हीच सांगा,
दारणेत मासे किती?

मी चहाची बशी सरळ केली.

मसुदा असा:
एका गळाला दिवसाला दोन मासे.
वीतभराखालचा परत पाण्यात.
एक जून ते एकतीस जुलै, गळ बंद.
दातांच्या डॉक्टर दस्तुरांनी लगेच बोटं मोडून
रविवार काढले. नऊ जातात म्हणाले,
निम्मा जून तरी सोडा.
कुणी विचारलं, वीत कुणाची? माझी की मॅडमची?
हशा झाला. पट्टी मागवली.
आली ती शाळेची, पंधरा सेंटीमीटरची,
शून्याकडचं टोक तुटलेलं.

सोसायटीचे सोनू बेंडकोळी
खुर्ची रिकामी असून दाराशी उकिडवे.
त्यांची जाळी त्या दिवसांत
आधीपासूनच बंद,
म्हणून त्यांना विचारायचं राहूनच गेलेलं.
ते आपणहून बोलले,
मासा काय क्यालेंडर बघतो का, साहेब?
पाणी फिरलं की मरळ काठाला येती,
गवतात अंडी टाकती,
मग महिनाभर पिलांवर राखण.
त्या टायमाला तिला भूक नसती.
तुमचा गळ ती खायला धरीत नाही.
हाकलायला धरती.

पंख्यानं एक कागद उचलला.
शिशानं धरून ठेवला.

माझी एक वही आहे. तारीख, आमिष, वजन, नग.
त्यात पोळ्याआधीचा एक रविवार आहे:
बेडूक, दोन किलो शंभर, मरळ, नग एक.
जेलरोडच्या कॉलनीत तिला हातात धरून
मी जिना चढलो, मुद्दाम सावकाश,
सगळ्या मजल्यांची दारं उघडेपर्यंत.
वहीत नाही ते एवढंच,
की तिला ओढून काढल्यावर त्याच जागी
पाण्यावर ताटाएवढा केशरी डाग होता.
वाटलं, वरून वाहत आलेला झेंडू.
झेंडू असता तर पुढं गेला असता.
तो तिथंच फिरत राहिला,
आत मिटत, पुन्हा उघडत,
मी डबा आवरेपर्यंत.

नग एक.

मी म्हणालो, एकतीस ऑगस्टपर्यंत बंद ठेवा.
दस्तुर माझ्याकडे असे बघायला लागले
की भूल न देता
त्यांचाच दात मी उपटला.
तासभर ओढाताण झाली.
शेवटी पंधरा ऑगस्टवर मिटलं.
झेंडावंदन झालं की मोकळे, कुणीतरी म्हणालं,
आणि मॅडमनी तारीख पेन्सिलीनं लिहिली.
उपस्थितांच्या छापील यादीत
बेंडकोळींचं नाव नव्हतं.
ते खाली, समासात, हातानं घातलं.
त्यांनी सही केली, फार वेळ घेऊन,
वजन बाजूला सरकवून, पुन्हा जागेवर ठेवून.

जिन्यात म्हणाले,
पंधरा दिवस कमीच पडले.
मी म्हणालो, हो.
मग दोघंही आपापल्या चपला शोधत राहिलो,
त्या तर पायातच होत्या.

आदेश अजून सहीला वर गेलाय.
वजनं तिथंच राहिली.
दोनदा त्या रस्त्यानं गेलो, वर चढलो नाही.
असू देत कागदांवर.
सप्टेंबरात लागतील, तेव्हा बघू.